पटसंख्या : एक

शाळा चालवायला काय काय लागतं, ते मला विचारा. इमारत, मैदान, घंटा, फळे, बाक, मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाई आणि हेडक्लार्क. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात निवृत्तीपर्यंत मी या यादीतलं शेवटचं पद सांभाळलं, आणि ते शेवटी का येतं याचं दुःखही सांभाळलं. सध्या लेकीकडे टेक्सासला, डॅलसच्या उत्तरेला असलेल्या प्लेनो गावात मुक्काम आहे, आणि त्या दुःखावर उतारा सापडला आहे. माझा नातू घरीच शिकतो. त्याच्या शाळेला इमारत नाही, घंटा नाही, शिपाई नाही. मुख्याध्यापिका तास चालू असताना कुकर उतरवायला उठते. एवढं सगळं गाळूनही शाळा झकास चालते. गाळता आला नाही तो फक्त हेडक्लार्क.

नातू घरी शिकतो असं साताऱ्याला फोनवर सांगितलं की पलीकडचा आवाज एकदम खाली येतो. "नापास झाला का हो?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग सतरा नंबर भरणार?" सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून बसायची आमच्याकडची वाट. असे फॉर्म मी ढिगाने भरून घेतलेत. मुंबईला हॉटेलात कामाला लागलेली पोरं यायची, लवकर लग्न झालेल्या मुली कडेवर मूल घेऊन यायच्या. पण त्यात अभ्यासक्रम बोर्डाचा, परीक्षा बोर्डाची, मार्कलिस्ट बोर्डाची. उमेदवाराने फक्त वेळेवर येऊन बसायचं. इथे बोर्डच नाही. विषय आई ठरवते, शिकवते आई, पेपर काढते आई, तपासते आई आणि उत्तीर्ण झाल्याचा दाखलाही आईच देते. हे सांगितलं की पलीकडचा माणूस "तब्येतीला जपा" म्हणून फोन ठेवतो.

पहिल्यांदा मलाही वाटलं, हे कायद्यात बसतं का? बसतं. 1994 साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने घरच्या शाळेला खाजगी शाळेचा दर्जा मान्य केला. अटी काय, तर शिकवणं प्रामाणिकपणे चाललेलं असावं, डोळ्यांना दिसेल असा अभ्यासक्रम असावा आणि त्यात पाच गोष्टी असाव्यात : वाचन, शब्दलेखन, व्याकरण, गणित आणि उत्तम नागरिकत्व. संपलं. नोंदणी नाही, तपासणी नाही, हजेरीपट नाही. विज्ञानसुद्धा नाही. कचऱ्याचे डबे ठरल्या वारी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवले की नातवाचं नागरिकत्व उत्तम. सरकारने शाळेकडे इतकं कमी मागितल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे खिचडीच्या तांदळाला यापेक्षा जास्त रकाने होते.

हे टेक्सासचं. न्यूयॉर्क राज्यात हेच करायचं तर वर्षाच्या सुरुवातीला योजना लिहून द्यावी लागते, दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो, आणि सातवीपासून पुढे वर्षाला 990 तास भरल्याचं दाखवावं लागतं. न्यूयॉर्कचं हे वर्णन ऐकून मला त्या राज्याबद्दल आपलेपणा वाटू लागला. कोणीतरी आपल्यासारखा विचार करणारा तिथे बसला आहे.

पण खरा घोळ पुढेच. राज्य काही मागत नाही आणि कॉलेज सगळं मागतं. आठवीपर्यंत या घरात मजा होती. नातू झाडावर बसून वाचायचा, तव्यावर ज्वालामुखी करायचा, सकाळभर चतकोर गणित आणि दुपारभर किडे. शाळेच्या चौकटीत मूल अडकू नये म्हणून लेकीने हा घाट घातला होता. मग नववी उजाडली आणि कोणीतरी तिला विचारलं, "चार वर्षांचा प्लॅन केलास का?" त्या रात्री जेवणाच्या टेबलावर जो तक्ता उलगडला तो अजून उचललेला नाही. आम्ही त्याच्या कडेकडेने जेवतो.

तक्ता असा. इंग्रजी चार वर्षं. गणित चार. प्रयोगासह विज्ञान तीन, बऱ्या कॉलेजला जायचं तर चार. इतिहास आणि समाजशास्त्रं तीन-चार, त्यात अमेरिकेची राज्यव्यवस्था अर्धं वर्ष आणि अर्थशास्त्र अर्धं वर्ष. परकी भाषा किमान दोन वर्षं. एखादी कला. व्यायाम. या प्रत्येकाला एक किंवा अर्धं क्रेडिट, आणि ऐच्छिक विषय धरून बेरीज बावीस ते सव्वीसच्या घरात. घरच्या शाळेला हे कुठल्या कायद्याने लागू नाही, पण कॉलेजच्या अर्जात आहे, आणि मुलाच्या आईच्या लेखी अर्ज कायद्यापेक्षा मोठा असतो.

क्रेडिट म्हणजे किती, हे मी खोदून विचारलं. एका विषयाचे साधारण 120 तास. ही मोजणी कुठून आली याचा शोध घेतला तेव्हा मात्र खुर्चीत ताठ बसलो. अँड्र्यू कार्नेगी नावाच्या पोलादवाल्याने 1905 साली एक कोटी डॉलर दिले, ते कशासाठी? कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन देण्यासाठी! मग प्रश्न आला की कॉलेज कशाला म्हणायचं, कारण ज्याने त्याने दारावर कॉलेजची पाटी लावली होती. त्या पैशातून निघालेल्या संस्थेने ठरवलं की हायस्कूलचं चार वर्षांचं शिक्षण, म्हणजे 14 युनिटं पुरी केलेल्या मुलांनाच जे प्रवेश देतं ते कॉलेज. आणि एक युनिट म्हणजे 120 तास. सगळ्या देशातली कॉलेजं पेन्शनच्या आशेने तासांची वही घेऊन रांगेत उभी राहिली. एका मुलाने भूमिती किती शिकावी हे या देशात पेन्शनच्या कागदावरून ठरलं आहे, आणि हे समजल्यापासून अमेरिकन शिक्षणपद्धतीबद्दल माझ्या मनात एकही शंका उरलेली नाही. पुढे ती फुकट पेन्शन संस्थेला परवडेना, तेव्हा 1918 साली पगारातून वर्गणी कापून घेणारी योजना आली. आमच्याकडे 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांचं जे झालं तेच. फक्त त्यांनी मोर्चे काढल्याचं वाचनात आलं नाही.

गणिताचा प्रकार आणखी वेगळा. आपण बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी, पेपर एक आणि पेपर दोन असे उरकतो. इथे त्यांची उतरंड आहे. आधी अख्खं वर्ष बीजगणिताचा पहिला भाग, मग अख्खं वर्ष भूमिती, मग बीजगणिताचा दुसरा भाग, मग कॅल्क्युलसच्या आधीचं गणित आणि मग कॅल्क्युलस. पाच पायऱ्या, आणि हायस्कूलची वर्षं चार. ज्याला इंजिनिअरिंगला जायचंय त्याने बारावीत कॅल्क्युलसला पोचावं अशी अपेक्षा, म्हणजे बीजगणिताचा श्रीगणेशा आठवीतच व्हायला हवा. नातवाची आठवी किड्यांत गेली होती. तेव्हापासून सुट्टीतसुद्धा भूमिती चालू आहे, आणि शाळेची चौकट नको म्हणणारी माझी लेक आता काटकोनात बोलते.

परक्या भाषेचा रकाना आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मराठी! बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा इथे गावोगाव आहेत, पण आमच्या घरात शिक्षक आयताच आणि बिनपगारी सापडला होता. माझी नेमणूक तोंडी झाली, नेमणूकपत्र मागितलं तर लेक आणि आमची ही, दोघी हसल्या. 120 तास भरायचे म्हणून मी रीतसर टाचण काढलं. पहिल्या आठवड्यात वर्णमाला, दुसऱ्यात बाराखडी. नातू म्हणाला, "आजोबा, हे मला येतं, तुम्ही गावाकडच्या भांडणांच्या गोष्टी सांगा." मग बांधावरून झालेले दावे, पाण्याच्या पाळीवरून झालेल्या मारामाऱ्या, एका बैलाच्या मालकीवरून तुटलेली सोयरीक असा अभ्यासक्रम चालू झाला. तास कधी भरले कळलंच नाही. लेकीने त्याला कागदावर जे नाव दिलं त्यात 'ग्रामीण समाजजीवन आणि मौखिक परंपरा' असे शब्द आहेत. तोंडी परीक्षा म्हणून मी त्याला साताऱ्यातल्या माझ्या बहिणीशी फोनवर पाच मिनिटं बोलायला लावलं, एकही इंग्रजी शब्द न वापरता. नातू पास झाला. बहीण पहिल्याच वाक्यात 'ॲक्च्युअली' म्हणाली.

तरी लेकीने स्पॅनिशही लावून ठेवलंय. घरातल्या माणसाने शिकवलेल्या भाषेला बाहेरचा पुरावा मागणारी कॉलेजं असतात म्हणे. माझ्या नोकरीवर असा अविश्वास शिक्षणाधिकाऱ्यांनीही कधी दाखवला नव्हता.

प्रयोगशाळेचं सांगायलाच हवं. जीवशास्त्राला प्रयोग हवेत म्हणजे हवेतच, आणि बेडूक पोस्टाने येतो. औषधात मुरवलेला, पिशवीत बंद, सोबत चिमटा आणि कात्री. खोक्यावर काय लिहिलंय ते न वाचता आमच्या हिने ते फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवलं. पुढे जे झालं त्यानंतर जीवशास्त्र विभाग कायमचा गॅरेजमध्ये हलला. तिथलं घडीचं टेबल गणपतीत मखराला वापरतात हे लक्षात आल्यावर तेही मिळेना, म्हणून बेडकाची चिरफाड कपडे वाळवायच्या यंत्रावर झाली. मी मात्र जर्नलवर अडून बसलो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, आणि खाली सही. आमच्या शाळेत जर्नलं परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांची बघून पुरी व्हायची. इथे बघायला दुसरं जर्नलच नाही, त्यामुळे या गरीब पोराला प्रयोग खरोखर करावा लागतो. सूक्ष्मदर्शक आला त्या दिवशी मी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं. नोंद क्रमांक 1.

रसायनशास्त्र मात्र घरी झेपण्यातलं नव्हतं. त्यासाठी इथे पालक गट करतात. एकाची आई रसायन शिकवते, एकाचे वडील भौतिक, एक बाई वादविवाद घेतात, आणि आठवड्यातून एकदा एका चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांची मुलं जमतात. म्हणतात त्याला को-ऑप. मी सहकारात वाढलेला माणूस. चेअरमन कोण, निवडणूक कधी, दोन पॅनेल आहेत की तीन, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. तिथे चेअरमन नव्हता. एक वही होती, तीत कोण बिस्किटं आणणार याची पाळी लिहिली होती. असा सहकार टिकेल असं मला वाटत नाही, पण बिस्किटं वेळेवर येतात.

गाडी शिकवणंसुद्धा या राज्यात आईबापांना करता येतं. सरकारमान्य अभ्यासक्रम घ्यायचा आणि शेजारी बसून शिकवायचं. पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, आणि सरावाच्या 30 तासांपैकी 10 रात्रीचे हवेत. कायद्याने घरच्या शाळेला हजेरी विचारली नाही, पण गाडीला अंधारासकट विचारली. जावई हा विषय घेतात. मागच्या सीटवर बसून मी तास लिहितो आणि रामरक्षा म्हणतो.

आता मार्क. आईने पोराला मार्क द्यायचे, हा प्रकार ऐकायला जितका गोड तितका करायला अवघड. सगळीकडे 'ए' दिला तर कॉलेजवाले म्हणणार, आईच ती. म्हणून एखादा 'बी' असावा का, यावर या घरात दोन रात्री खल झाला. इतिहासाला 'बी' द्यावा असं ठरलं, तेव्हा नातू म्हणाला, "मी सगळी उत्तरं बरोबर लिहिली होती." लेक म्हणाली, "अक्षर बघ." मी तिला आमच्याकडच्या तोंडी परीक्षेचा दाखला दिला, 20 पैकी सरसकट 19, म्हणजे कोणाला शंका नको आणि कोणाला पोटदुखीही नको. तिने तो विचारात घेतला नाही.

या घरगुती मार्कांना वजन यावं म्हणून बाहेरचे साक्षीदार उभे करावे लागतात. एसएटी नावाची परीक्षा आहे, 1600 गुणांची. तिच्या फॉर्मवर शाळेचा सांकेतिक क्रमांक लागतो. तो रकाना पाहून मला भरून आलं, कारण इंडेक्स नंबरशिवाय शाळा म्हणजे कुंकवाशिवाय सवाष्ण. क्रमांक आहे! 970000. पण तो या देशातल्या सगळ्या घरच्या शाळांना मिळून एकच आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या यच्चयावत शाळांनी एकाच इंडेक्स नंबरवर फॉर्म भरायचे. बोर्डातले आमचे लोक अशा दिवशी रजा टाकून घरी गेले असते.

दुसरा साक्षीदार एपी, म्हणजे हायस्कुलात असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा. गुण 1 ते 5, परीक्षा मे महिन्यात. ती स्वतःच्या घरी देता येत नाही, जवळपासच्या एखाद्या शाळेने परक्या मुलाला बसू द्यायला हवं आणि ते आदल्या नोव्हेंबरच्या आत ठरायला हवं. लेक एकेका शाळेला फोन लावत होती. कुठे जागा नव्हती, कुठे माणूस नव्हता, कुठे फोन वाजतच राहिला. शेवटी एका शाळेत एका बाईने फोन उचलला आणि "पाठवा फॉर्म, मी बघते" म्हणाली. ती कोण होती विचारलं. ऑफिसमधली क्लार्क. मी काही बोललो नाही, फक्त चष्मा पुसला.

तिसरा साक्षीदार कम्युनिटी कॉलेज. टेक्सासची एक पात्रता परीक्षा दिली की हायस्कूलच्या वयातच तिथे जाऊन बसता येतं, आणि एकाच कोर्सचं क्रेडिट हायस्कुलातही धरतात आणि कॉलेजातही. आमच्याकडे प्लेनोतच कॉलिन कॉलेज आहे, नातू अकरावीत तिथे जाणार असं ठरलंय. तिथले मार्क आई देत नाही, एवढ्या एका गुणावर ते कॉलेज आमच्या घरात फार मानलं जातं.

नंबराचं काय, हा माझा शेवटचा प्रश्न होता. टेक्सासच्या शाळांतून वरच्या नंबरांत येणाऱ्या मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश देण्याचा कायदा 1997 पासून आहे. आमचा नातू वर्गात पहिला येतो आणि शेवटचाही तोच. यावर या राज्याने काढलेला तोडगा असा : घरच्या शाळेतल्या मुलाला परीक्षेत जितके गुण, तितके गुण असलेल्या इतर अर्जदारांचे आपापल्या शाळेत सरासरी जे नंबर आले असतील, तो नंबर याचा धरायचा. न गेलेल्या वर्गात न भेटलेल्या मुलांमध्ये याचा नंबर काढायचा! हा नियम ज्याने लिहिला तो माझ्याच जातकुळीतला, यात शंका नाही.

आता बारावीच्या अर्जाची रंगीत तालीम म्हणून आम्ही मागच्या वर्षीचा अर्ज उघडून पाहिला. त्यात विद्यार्थ्याच्या समुपदेशकाने शिफारसपत्र लिहायचं असतं. घरच्या शाळेत समुपदेशक म्हणजे आई. या विद्यार्थ्याला आपण किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, असा प्रश्न आहे. सतरा वर्षं, जन्मापासून. शाळेची माहिती द्या. वर्गातली विद्यार्थिसंख्या 1. मी शेजारी पेन्सिलीने लिहिलं : प्रविष्ट 1, उत्तीर्ण 1, निकाल शेकडा 100. अशा निकालावर आमच्या संस्थेने चौकात फ्लेक्स लावला असता आणि नातवाच्या शेजारी अध्यक्षांचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा छापला असता.

याखेरीज प्रत्येक विषयाचं वर्णन हवं. कोणतं पुस्तक वापरलं, काय लिहून घेतलं, गुण कसे दिले. नववीत काय शिकवलं ते बारावीत आठवायचं म्हणजे चेष्टा नव्हे. इथल्या गटातल्या एका बाईंनी तीन वर्षांचं सगळं बारावीच्या सप्टेंबरात आठवून लिहायला घेतलं. त्यांच्या मुलाने दहावीत नेमकं कोणतं रसायन केलं, हे ना त्याला आठवत होतं ना त्यांना. आमच्याकडे तसं होणार नाही. आमच्याकडे वही आहे. दिनांक, विषय, तास, पुस्तकाची पानं, शेरा. लेक ती संगणकात उतरवून घेते, आणि अधूनमधून म्हणते, "बाबा, तुम्ही होतात म्हणून." नोकरीतल्या एकाही मुख्याध्यापकाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

एकाच गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. अंतिम गुणपत्रकावर फक्त तिची सही असणार. शिक्का नाही. जावक क्रमांक नाही. आमच्याकडे अर्ध्या तासात रबरी शिक्का करून मिळतो असं मी पुन्हापुन्हा सांगितलं, पण शाळेचं नाव काय ठेवायचं यावर नवराबायकोत एकमत नाही, तोवर शिक्का कशाचा करणार?

तेव्हा ज्यांची लेकरं परदेशात अशी शाळा काढून बसली आहेत त्या माझ्या पेन्शनर बंधुभगिनींना एकच विनंती. जाताना बॅगेत लोणचं कमी न्या, पण लाल कापडी पुठ्ठ्याची दोनशे पानी वही अवश्य न्या. नातवंडाची नववी सुरू होईल त्या दिवशी पहिल्या पानावर तारीख घाला. गणित रोज लिहा. आणि बेडकाचं खोकं आलं तर ते तुम्हीच उघडा.